अर्धा सीपीयू म्हणजे नेमका किती?

एका संगणकावर अनेकांची कामे एकाच वेळी चालू असतील, तर त्यांपैकी एकाने सगळा वेळ बळकावू नये म्हणून त्याच्यावर मर्यादा घालावी, ही कल्पना इतकी सरळ वाटते की तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही कल्पना जानेवारी २०१२ मध्ये, ३.२ या आवृत्तीपासून, प्रत्यक्षात आली. तिचे अधिकृत नाव 'सीएफएस बँडविड्थ कंट्रोल'. तिच्यामागे प्रामुख्याने पॉल टर्नर, भरत राव आणि निखिल राव हे तिघे होते, आणि २०१० साली ओटावा येथील लिनक्सविषयक परिषदेत त्यांनी तिची मांडणी केली होती. आज भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेत 'तुम्हाला अर्धा सीपीयू दिला आहे' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुधा याच यंत्रणेच्या भरवशावर सांगितले जाते.

या लेखात या यंत्रणेचे गुणदोष तपासायचे आहेत. विषय तांत्रिक असला, तरी तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा, महाविद्यालयांचे सामायिक सर्व्हर, निकाल दाखवणारी संकेतस्थळे अशा अनेक ठिकाणी कोणाचे काम किती वेळात होणार, हे ही मर्यादा ठरवू शकते. कधी कधी तर विद्यार्थ्याचे गुणही तिच्यावर अवलंबून असतात.

वाटणी आणि मर्यादा

प्रथम एक फरक स्पष्ट करून घेऊ. पाठ्यपुस्तकांत सीपीयूच्या वेळेची 'वाटणी' शिकवली जाते. कामे रांगेत उभी असतात, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ मिळतो, आणि हे वाटप करणाऱ्या भागाला शेड्यूलर म्हणतात. वाटणी समान असावी, हा विचार लिनक्समध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत इंगो मोल्नार यांनी आणलेल्या 'कम्प्लीटली फेअर शेड्यूलर'मध्ये, म्हणजेच सीएफएसमध्ये, केंद्रस्थानी होता. परंतु समान वाटणी कोणाकोणात? एका वापरकर्त्याने दहा प्रोग्रॅम सुरू केले आणि दुसऱ्याने एकच, तर प्रोग्रॅमनिहाय समान वाटणीत पहिल्याला दसपट वेळ मिळतो. म्हणून पुढच्याच आवृत्तीत, जानेवारी २००८ मध्ये, कार्यांचे गट करून गटागटांत वाटणी करण्याची सोय आली. प्रत्येक गटाला एक भार द्यायचा आणि त्या भारांच्या प्रमाणात वेळ वाटायचा.

या वाटणीचा एक महत्त्वाचा गुणधर्म असा, की ती फक्त गर्दीच्या वेळी लागू होते. दोन गटांचे भार समान असले आणि एका गटाला काहीच काम नसले, तर दुसऱ्याला सगळा सीपीयू मिळतो. मर्यादेचे तसे नाही. शेजारी कोणी असो वा नसो, यंत्र रिकामे असो वा भरलेले, ठरलेला कोटा संपला की गटाने थांबायचे. वाटणीने गटाला किमान किती मिळेल याची हमी मिळते, तर मर्यादेने कमाल किती मिळेल हे ठरते. दोन्हींचा उल्लेख अनेकदा 'सीपीयू नेमून देणे' अशा एकाच शब्दप्रयोगाने होतो, आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते.

कोटा आणि कालखंड

यंत्रणेचे काम समजायला अवघड नाही. गटाला दोन संख्या द्यायच्या. पहिली कालखंडाची, ती सांगितली नाही तर १०० मिलिसेकंद धरली जाते. दुसरी कोट्याची, म्हणजे त्या कालखंडात गटाने सर्व सीपीयूंवर मिळून एकूण किती वेळ चालायचे याची. कोटा ५० मिलिसेकंद ठेवला तर 'अर्धा सीपीयू', २०० ठेवला तर 'दोन सीपीयू'. कोटा संपला की गटाची सर्व कार्ये रोखली जातात आणि नवा कालखंड सुरू होताच पुन्हा सोडली जातात. शिल्लक कोटा पुढे नेण्याची सोय मूळ रचनेत नव्हती.

आता 'अर्धा सीपीयू' या शब्दांकडे नीट पाहू. हे शब्द ऐकून आपल्या मनात अर्ध्या वेगाने चालणाऱ्या यंत्राचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात यंत्र पूर्ण वेगानेच चालते, मात्र निम्मा वेळ बंद असते. हा फरक शब्दच्छल नव्हे. एका कामाला सीपीयूचा ४० मिलिसेकंद वेळ लागतो असे समजा. अर्ध्या वेगाच्या यंत्रावर ते ८० मिलिसेकंदांत संपेल. अर्ध्या कोट्याच्या गटात, कोटा अजून खर्च झालेला नसेल तर, ते ४० मिलिसेकंदांतच संपेल. जणू मर्यादा नाहीच. आता ६० मिलिसेकंदांचे काम घ्या. कालखंडाच्या आरंभी सुरू झाले तर ते ५० मिलिसेकंद चालेल, ५० थांबेल आणि मग उरलेले १० चालेल. एकूण ११० मिलिसेकंद. पण हेच काम, गटाचा कालखंड आधीच चालू असताना आणि कोटा शिल्लक असताना, कालखंड संपायला १० मिलिसेकंद बाकी असताना सुरू झाले तर? जुन्या कोट्यातून १० आणि नव्या कोट्यातून ५०, असे ते कोठेही न थांबता ६० मिलिसेकंदांत पूर्ण होईल.

म्हणजे तेच काम, तेच यंत्र, तीच मर्यादा. आणि वेळ एकदा ६०, एकदा ११०. प्रयोग पुन्हा केल्यावर तेच उत्तर यावे, अशी अपेक्षा विज्ञानाच्या शिक्षकाला असते. येथे उत्तर बदलते, आणि का बदलते हे काम करणाऱ्याला दिसत नाही. या यंत्रणेवरचा माझा पहिला आक्षेप तिच्या मापनाच्या एककाबद्दलच आहे. कुबरनेटिससारख्या व्यवस्थापन प्रणालीत तर सीपीयूचे हजार भाग कल्पून 'पाचशे मिलिसीपीयू' अशी मर्यादा लिहितात. एकक इतके बारीक दिसते की त्यामागे १०० मिलिसेकंदांचे ठोकळे आहेत, याचा विसर पडतो.

तिची गरज का पडली?

आक्षेपांची यादी पुढे नेण्यापूर्वी यंत्रणेच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगणे न्यायाचे ठरेल. मुळात वाटणी असताना मर्यादा हवीच कशाला?

पहिले कारण व्यवहाराचे. ग्राहकाने दोन सीपीयूंचे पैसे दिले आणि यंत्र रिकामे असल्यामुळे त्याला आठ मिळत राहिले, तर त्याची तक्रार नसते. पण शेजारी दुसरा ग्राहक आला की पहिल्याचे काम एकाएकी मंदावते आणि मग तक्रार येते. पहिल्या दिवसापासून दोनच दिले असते, तर ही वेळ आली नसती. दुसरे कारण अंदाजाचे. आपला प्रोग्रॅम दोन सीपीयूंवर कसा चालेल, हे मोठ्या यंत्रावर तपासून पाहायचे तर मर्यादा घालावीच लागते. तिसरे कारण सुरक्षेचे. अनोळखी माणसाने लिहिलेला, कदाचित अनंत फेऱ्यांत अडकलेला प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवायचा, तर त्याला कुंपण हवेच. ही तिन्ही कारणे खरी आहेत आणि तिन्ही ठिकाणी नुसत्या वाटणीने काम भागत नाही.

बांधणीच्या दृष्टीनेही ही यंत्रणा विचारपूर्वक केलेली आहे. यंत्रात अनेक सीपीयू असतात. गटाचा कोटा एकाच ठिकाणी ठेवला आणि प्रत्येक सीपीयूने दर क्षणी तेथे येऊन हिशेब लिहिला, तर हिशेबाच्या वहीपाशीच रांग लागेल. म्हणून प्रत्येक सीपीयूने सामायिक साठ्यातून एकदम ५ मिलिसेकंदांचा तुकडा उचलायचा आणि तो संपला की पुन्हा यायचे, असे ठरवले गेले. तुकडा मोठा तर फेऱ्या कमी, पण तेवढीच रक्कम एका जागी अडकून पडण्याचा धोका अधिक. हा तोल सांभाळणे सोपे नव्हते, हे पुढे दिसेलच.

सरासरीचा फसवेपणा

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. कोटा सर्व सीपीयूंवर मिळून मोजला जातो. एका गटाला 'दोन सीपीयू', म्हणजे १०० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंदांचा कोटा आहे, आणि त्याचा प्रोग्रॅम दहा समांतर शाखांनी, म्हणजे दहा थ्रेडनी, दहा सीपीयूंवर चालतो असे धरू. दहा जण मिळून २०० मिलिसेकंदांचा कोटा अवघ्या २० मिलिसेकंदांत संपवतील. उरलेले ८० मिलिसेकंद सगळे दहाही स्तब्ध. यंत्रावर दुसरे कोणी नसले, तरीही.

समजा या प्रोग्रॅमवर दर सेकंदाला एकदा, कालखंडाच्या आरंभी, कामाची एक लाट येते आणि तिला एकूण ३०० मिलिसेकंदांचा सीपीयू वेळ लागतो. मर्यादा नसती तर दहा सीपीयूंवर ते काम ३० मिलिसेकंदांत झाले असते. मर्यादेमुळे पहिल्या २० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंदांचे काम होते, मग ८० मिलिसेकंद थांबणे, आणि उरलेले १०० मिलिसेकंदांचे काम पुढच्या कालखंडात १० मिलिसेकंदांत. एकूण ११० मिलिसेकंद. वापरकर्त्याला जवळजवळ पावणेचारपट उशीर होतो.

या प्रोग्रॅमचा सरासरी वापर किती? एका सेकंदात त्याला २,००० मिलिसेकंदांचा कोटा आहे आणि त्याने वापरले ३००. म्हणजे फक्त १५ टक्के. व्यवस्थापकाच्या पडद्यावर दर सेकंदाला, किंवा दर मिनिटाला, हा १५ टक्क्यांचा आकडा उमटेल आणि तो म्हणेल, 'या प्रोग्रॅमला हवे त्याच्या सहापट दिले आहे. उशिराचे कारण दुसरीकडे शोधा.' सरासरी खोटी नाही. पण मर्यादा १०० मिलिसेकंदांवर लागते आणि सरासरी त्याहून कितीतरी मोठ्या काळावर काढली जाते. सरासरी चार फूट खोल नदीत माणूस बुडू शकतो, हे आपण संख्याशास्त्राच्या तासाला सांगतो. येथे तेच घडते.

यावर कोणी म्हणेल, कालखंड लहान करा. १०० ऐवजी १० मिलिसेकंदांचा कालखंड आणि २० मिलिसेकंदांचा कोटा ठेवला, तर कोणतेही एक थांबणे १० मिलिसेकंदांहून मोठे राहणार नाही. हे खरे, आणि छोट्या कामांना त्याचा फायदाही होईल. पण वरची ३०० मिलिसेकंदांची लाट आता पंधरा कालखंडांत विभागली जाईल आणि संपायला १४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेईल. शिवाय हिशेबाचा खर्च दसपट वेळा करावा लागेल. एका आकड्याच्या फेरबदलाने सुटणारा हा प्रश्न नाही.

दोषाचा काही वाटा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडेही जातो. पुष्कळ प्रोग्रॅम सुरू होताना 'या यंत्रात सीपीयू किती?' असे विचारतात आणि तितके थ्रेड तयार करतात. मर्यादा दोन सीपीयूंची असली, तरी यंत्राकडून उत्तर ६४ असे येते. मग ६४ थ्रेड मिळून कोटा क्षणार्धात संपवतात. जावा या भाषेच्या दहाव्या आवृत्तीने मार्च २०१८ मध्ये मर्यादा ओळखून थ्रेडसंख्या ठरवायला सुरुवात केली. गो या भाषेत ही सुधारणा १.२५ या आवृत्तीत, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. मर्यादेची सोय २०१२ ची. तिची दखल घ्यायला भाषांना इतकी वर्षे लागली. मर्यादा घालणाऱ्याने ती ज्याच्यावर घातली त्याला कळवण्याची सोपी वाट ठेवली नाही, हे मात्र यंत्रणेचेच न्यून.

मुठीत राहिलेले चिंचोके

या यंत्रणेच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण वर्गात चिंचोक्यांनी करून दाखवता येते.

वीस मुले घ्या. प्रत्येक मूल म्हणजे एक सीपीयू. एका डब्यात २० चिंचोके ठेवा. तो या कालखंडाचा कोटा. प्रत्येक मुलाकडे कालखंडात एकच छोटे काम येते आणि त्याला एक चिंचोका लागतो. म्हणजे एकूण गरज २० आणि कोटाही २०. नियम असा: काम आले की डब्यातून एकदम पाच चिंचोके उचलायचे, कमी असतील तर असतील तितके घ्यायचे, एक वापरायचा, एक पुढच्या कामासाठी मुठीत ठेवायचा आणि बाकीचे डब्यात परत टाकायचे. मुले एकामागून एक येतील. शेवटी शिट्टी वाजली की मुठीतले चिंचोके बाद आणि डब्यात पुन्हा २० भरायचे.

काय होते पाहा. प्रत्येक मुलामागे डब्यातून दोन चिंचोके कमी होतात. दहा मुले होताच डबा रिकामा होतो. उरलेली दहा मुले ताटकळत राहतात. वापरले गेले फक्त दहा चिंचोके. दहा मुठींत पडून राहिले आणि शिट्टी वाजताच बाद झाले. दर कालखंडात हेच. वर्गाला विचारा, 'जास्त कोणी घेतले?' कोणीच नाही. तरी अर्ध्या वर्गाचे काम अडले आणि अर्धा कोटा वाया गेला.

आता एकच नियम बदला: शिट्टी वाजली तरी मुठीतला चिंचोका बाद करायचा नाही. दुसऱ्या कालखंडात पहिली दहा मुले मुठीतला चिंचोका वापरतील, डब्याला हात लावणार नाहीत. उरलेल्या दहांना डब्यातून प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण वीस मिळतील. विसांचीही कामे होतील. तिसऱ्या कालखंडात भूमिका उलटतील, आणि पुन्हा सर्वांची कामे होतील. पहिला कालखंड सोडला तर कोणीही अडणार नाही, आणि दीर्घकाळात कोट्याहून अधिक चिंचोकेही कोणी वापरणार नाही.

लिनक्समध्ये नेमके हेच घडले. सीपीयू रिकामा झाला की त्याच्याकडील तुकड्यातला १ मिलिसेकंद मागे ठेवून बाकीचा परत जाई, आणि मागे राहिलेला कालखंडाच्या शेवटी बाद व्हावा असा नियम होता. २०१४ साली एका बदलातून शिरलेल्या चुकीमुळे हा बाद करण्याचा नियम प्रत्यक्षात लागूच होत नव्हता. ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही, कारण त्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. २०१८ मध्ये, ४.१८ या आवृत्तीत, ती चूक नियमाप्रमाणे दुरुस्त झाली आणि अनेक थ्रेड असलेले, पण सीपीयू फारसा न वापरणारे प्रोग्रॅम कोटा शिल्लक असूनही वारंवार अडू लागले. डेव्ह चिलुक यांनी या त्रासाचा माग काढला आणि नोव्हेंबर २०१९ मधील ५.४ आवृत्तीत बाद करण्याचा नियमच काढून टाकला गेला. ८० सीपीयूंच्या यंत्रावर १०० मिलिसेकंदांत १० चा कोटा देऊन केलेल्या एका मुद्दाम रचलेल्या चाचणीत या बदलाने कामगिरी जवळजवळ तीस पटींनी सुधारली, अशी नोंद त्या बदलासोबत आहे.

टीकाकाराला यात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. चार वर्षे चुकीमुळे बरे चालले होते आणि दुरुस्तीमुळे बिघडले. अशा वेळी दोष दुरुस्ती करणाऱ्याचा नसतो. मूळ नियमच उद्देशाला धरून नव्हता. न वापरलेले परत येऊ द्यायचे नाही आणि पुढेही नेऊ द्यायचे नाही, या नियमाने मर्यादा अधिक काटेकोर झाली नाही. तिने फक्त जे देऊ केले होते तेवढेही मिळू दिले नाही.

किल्ली खिशात घालून थांबलेला

आणखी एक दोष कमी चर्चिला गेला, पण तो अधिक गंभीर आहे. गट रोखला जातो तेव्हा त्यातले एखादे कार्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एखादे सामायिक कुलूप स्वतःकडे ठेवून, काम करत असू शकते. मूळ रचनेत त्या सीपीयूवरचा गटच्या गट रांगेतून काढला जाई. कोणते कार्य कोठे आहे हे पाहिले जात नसे. ज्याच्याकडे किल्ली आहे तोच थांबवला गेला, तर त्या कुलपापाशी खोळंबलेल्या, मर्यादा नसलेल्या इतर गटांनाही थांबावे लागते. कुंपण ज्याला आवरण्यासाठी घातले, त्याच्याबरोबर शेजारीही अडकतात. २०२५ मध्ये ही रचना बदलली गेली. आता प्रत्येक कार्य गाभ्यातून बाहेर पडून स्वतःच्या कामाकडे परतू लागले, की तेव्हाच त्याला रोखले जाते. सुधारणा योग्यच आहे. पण ती यायला तेरा वर्षे लागली.

विस्मरणाचा दोष

या सर्व दोषांचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. ही यंत्रणा विसरभोळी आहे. दर १०० मिलिसेकंदांनी तिची पाटी कोरी होते. गट मागचे नऊ कालखंड शांत बसला होता की उधळला होता, याला दहाव्या कालखंडात काहीच किंमत नाही.

असे असायलाच हवे होते का? संगणकशास्त्राचा इतिहास 'नाही' असे सांगतो. सिडनी विद्यापीठात वापरल्या जाणाऱ्या 'शेअर' नावाच्या शेड्यूलरविषयी ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी १९८८ साली लेख प्रसिद्ध केला. तेथेही प्रश्न हाच होता, की एकाच यंत्रावर अनेकजण असताना वाटणी माणसांत व्हावी, प्रोग्रॅमांत नव्हे. त्यांनी प्रत्येकाच्या वापराची स्मृती ठेवली आणि ती काळाबरोबर हळूहळू पुसट होईल अशी योजना केली. किरणोत्सारी पदार्थ ठरावीक काळात निम्मा होतो तशी. ज्याने अलीकडे कमी वापरले त्याला आज झुकते माप मिळे, आणि जुने पाप कायमचे मानगुटीवर बसत नसे. ती वाटणीची योजना होती, कडक मर्यादेची नव्हे. तरीही वापराला स्मृती असावी हा धडा तिच्यात होता.

लिनक्सच्या मर्यादेला थोडीशी स्मृती ऑगस्ट २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत मिळाली. न वापरलेला कोटा ठरावीक प्रमाणापर्यंत साठवून गरजेच्या वेळी वापरण्याची ही सोय. आपल्या वरच्या उदाहरणात १०० मिलिसेकंदांची साठवण दिली, तर २०० अधिक १०० अशी ३०० मिलिसेकंदांची लाट कोठेही न थांबता ३० मिलिसेकंदांत पार पडते आणि दीर्घ सरासरी कोट्यापलीकडे जात नाही. पण ही सोय आपोआप लागू होत नाही. कोणीतरी ती मुद्दाम मागावी लागते. ज्याला दोष माहीत आहे त्यालाच उपाय मिळतो.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी. साठवला जातो तो हक्क. वेळ साठवता येत नाही. धरणातले न वापरलेले पाणी उद्या वापरता येते, सीपीयूचा न वापरलेला क्षण कायमचा जातो. रिकाम्या यंत्रावर गटाला रोखून आपण काहीही वाचवलेले नसते, विजेची थोडी बचत सोडली तर.

मग निवाडा काय?

परक्या माणसांमधले कुंपण म्हणून ही यंत्रणा आवश्यक आहे आणि पुष्कळ दुरुस्त्यांनंतर आता ती बरीच सुधारलीही आहे. पण एकाच घरातली शिस्त म्हणून ती चुकीची आहे. एका संस्थेच्या एका सर्व्हरवर त्याच संस्थेची कामे चालत असतील, तर भारानुसार वाटणी पुरते. गर्दी असेल तेव्हा ती न्याय देते आणि गर्दी नसेल तेव्हा आड येत नाही. तरीही अशा ठिकाणी सरसकट मर्यादा घातल्या जातात, कारण मर्यादेचा आकडा लिहिला की व्यवस्था लागली असे वाटते. ते समाधान आकड्याचे आहे, व्यवस्थेचे नव्हे.

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण प्रोग्रॅम तपासण्याचे. समजा तपासणीची अट एक सेकंदाची आहे आणि विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला सीपीयूचा ०.६ सेकंद लागतो. तो उत्तीर्ण व्हायला हवा. पण तपासणी अर्ध्या सीपीयूच्या मर्यादेत चालत असेल आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळाने मोजला जात असेल, तर ६०० मिलिसेकंदांसाठी बारा कालखंड लागतात. अकरा पूर्ण, म्हणजे १,१०० मिलिसेकंद, आणि बाराव्यातले ५०. एकूण १.१५ सेकंद. विद्यार्थ्याला उत्तर मिळते: 'वेळ संपली'. तो आपल्या बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. अशी यंत्रणा वापरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने एक प्रश्न अवश्य विचारावा: वेळ घड्याळाचा मोजता, की सीपीयूचा?

लिनक्सचे यंत्र हाताशी असेल तर हे सारे पडताळून पाहता येते. एक मोठी बेरीज करणारा साधा प्रोग्रॅम लिहा आणि 'टाइम' या आज्ञेने चालवा. 'रिअल' म्हणजे घड्याळाचा वेळ आणि 'युजर' म्हणजे सीपीयूचा. मोकळ्या यंत्रावर दोन्ही जवळजवळ सारखे येतील. मग तोच प्रोग्रॅम 'सिस्टिमडी-रन' या आज्ञेने, सीपीयूकोटा ५० टक्के ठेवून चालवा. 'युजर' जवळपास तितकाच राहील, 'रिअल' सुमारे दुप्पट होईल. नंतर काम लहान करत न्या आणि कोणत्या टप्प्यावर मर्यादा जाणवेनाशी होते ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. गटाच्या नोंदवहीत, म्हणजे 'सीपीयू.स्टॅट' या फाइलमध्ये, किती कालखंड गेले आणि त्यांतल्या कितींत गटाला रोखले गेले, हे दोन आकडे मिळतात. सरासरी वापराच्या टक्क्यांपेक्षा या दोन आकड्यांचे गुणोत्तर अधिक खरे बोलते.

कोणतीही मर्यादा दिसली की ती किती आहे हे आपण विचारतो. ती किती काळावर मोजली जाते, कोणामध्ये मिळून मोजली जाते आणि उरलेल्याचे काय होते, हे तीन प्रश्न विचारायची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर 'अर्धा सीपीयू' या दोन शब्दांनी त्यांना पुन्हा फसवता येणार नाही.